काढून ठेवलेली बाही

मैदानातल्या मोठ्या फळ्यावर सहा आकडे लागले होते, आणि लोक बघत होते फक्त एकाकडे. शर्वरी किशोर बोरसे, वय तेरा, चौऱ्याण्णव. तिच्या खालोखालची पोरगी एकतीसवर, आणि बाकीच्यांचं तर विचारूच नका. राज्यस्पर्धेचा चौथा दिवस, अंतिम सामना. तीन दिवस चेंडू फेकून फेकून सगळ्या पोरींचे हात बसलेले, आणि ही बया आत्ताच घरून निघाल्यासारखी ताजी!

शर्वरीची आई सारिका मांडवात पुढच्या रांगेत बसून तो आकडा परत परत वाचत होती. बेसबॉलमधलं तिला सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हतं. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटातला बोलर, फक्त हा धावत येत नाही, मधल्या उंचवट्यावर उभा राहून अंगातलं सगळं बळ काढून फेकतो, एवढं तिला लेकीनं शिकवलं होतं. आता तिला बरंच कळत होतं. शेजारची कोल्हापूरची बाई मात्र तिच्या मागेच लागली होती.

"ताई, मुलीला खायला काय घालता हो?"

"भाकरी, पालेभाजी. आणखी काय घालणार?"

"नाही, काहीतरी असेलच की! काढा वगैरे?"

सारिका हसली. चार दिवस हेच चाललं होतं. निवडीला आलेल्या मॅडमनी काल स्वतः येऊन हात जोडले होते. जपानमधल्या एका क्रीडासंस्थेत दोन वर्षांचं शिक्षण, शाळा तिथलीच, राहणं तिथलंच, आणि देशभरातून घ्यायच्या होत्या तीनच मुली. "इतका शांत हात आम्ही पाहिलेला नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. हात शांत म्हणजे काय, हे सारिकाला कळलं नव्हतं. पण कौतुक आहे एवढं कळलं, आणि तिनं मान डोलावली होती.

आता ही आकड्यांची भानगड काय, ते सांगायलाच हवं.

कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा लहानसा उंचवटा असतो. मोठ्या माणसात तो हाडाला पक्का जुळलेला असतो. वाढत्या पोरांत मात्र दोघांच्या मध्ये कूर्चेचा मऊ थर राहतो, कारण हाड तिथून अजून वाढत असतं. चेंडू जोरात फेकला की कोपर बाहेरच्या बाजूला उघडू बघतं, आणि आतला अस्थिबंध त्या उंचवट्याला धरून ओढतो. एका फेकीनं काही बिघडत नाही. शंभर फेकींनी बारीक तंतू तुटतात, आणि हात स्वस्थ राहिला तर ते दोन-चार दिवसांत सांधतात. हात स्वस्थ राहिला नाही, तर एखाद्या दिवशी तो उंचवटाच हाडापासून सुटतो. पूर्वी यावर एकच उपाय होता, फेकी मोजायच्या. अमुक वयाला दिवसाला अमुकच फेकी, मग इतके दिवस सुट्टी. पण सगळ्यांचे हात काही एका साच्यातले नसतात. कुणाचा पन्नासात जायचा, कुणाचा शंभरातही टिकायचा.

मग बाही आली. तुटणारा प्रत्येक तंतू आवाज करतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, पण बाहीच्या कापडात विणलेल्या केसाहून बारीक तारांना येतो. किती तुटलं याची बेरीज आणि थांबल्यावर किती सांधलं याची वजाबाकी बाही स्वतःच करते, आणि मनगटावरच्या पट्टीवर आकडा दाखवते, की अजून इतक्या फेकी बिनधास्त टाका. आकडा आधी हिरवा असतो, मग पिवळा होतो, मग लाल. बेसबॉल मंडळानं खेळणाऱ्या प्रत्येक पोराला एकेक बाही दिली, आणि कोपरं मोडण्याचे प्रकार खरोखरच कमी झाले. इथपर्यंत सगळं चांगलंच झालं.

पण माणसं ती माणसं! सर, आईबाप, निवड करणारे, सगळे पोरांऐवजी आकड्याकडे बघायला लागले. 'दुखतंय का रे?' हे विचारणंच बंद पडलं. पोर आपण होऊन म्हणालं की दुखतंय, तरी उत्तर ठरलेलं: 'हिरवं आहे ना? मग नाटकं कशाला?' आणि ज्याचा आकडा मोठा तो पोरगा मोठा, असं सरळ गणित होऊन बसलं.

सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या बाह्या टेबलावर तपासून घ्यायच्या असत. त्या कामाला निलोफर नावाची तंत्रज्ञ मुलगी होती, हसरी, बडबडी. शर्वरी पाणी प्यायला गेली होती, म्हणून सारिकाच बाही घेऊन टेबलाशी गेली.

"काकू, ही नवी दिली का तुम्हाला?" निलोफरनं बाही उलटसुलट करून विचारलं.

"नवी कुठली? मागच्या उन्हाळ्यातलीच आहे."

"आणि एवढी स्वच्छ? बाकीच्यांच्या बघा, घामानं पिवळ्या पडल्यात."

सारिकाची कळी खुलली. तिच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पाहुण्यांचे कप वर्षातून दोनदा बाहेर यायचे. मंडळाची वस्तू, उद्या परत करायची, डाग पडला तर काय तोंड दाखवायचं? "घरात पाऊल टाकलं की आधी बाही काढायची, हा माझा नियम," ती म्हणाली. "पुसून, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून, कपाटात. सरावाला निघाली की माझ्या हातानं काढून देते."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. का गं, चालत नाही का?"

"चालतं की. अंघोळीला, झोपताना काढतातच सगळे. काढली की बाही विश्रांती धरते. हात स्वस्थ पडलाय असं समजून आकडा वाढवत नेते." निलोफर हसली. "म्हणजे घरी आली की तुमची शर्वरी नुसती लोळत असते म्हणायची!"

"हो, तर काय," सारिकाही हसली, वळली, आणि चार पावलं चालून जागीच थांबली.

लोळते? शर्वरी?

तीन एकर ज्वारी होती त्यांची. कणसं दुधात आली की भोरड्यांचे थवे असे उतरायचे की तासाभरात पट्टाच्या पट्टा साफ. पाखरं हाकलायचं यंत्र गेल्या साली बसवलं होतं, दर पाच मिनिटांनी ससाण्यासारखं ओरडायचं; आठ दिवसांत पोपट त्याच्याच डोक्यावर बसून दाणे खायला लागले. मग गोफण आली. शर्वरीला गोफण आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, सातव्या वर्षीच शिकवली होती. मचाणावर उभं राहायचं, दगड घालायचा, दोरी डोक्यावरून गरगर फिरवायची आणि एक टोक सोडून द्यायचं. सूंऽऽ करून दगड जायचा तो थेट बांधापलीकडे. यंदा डिसेंबरपासून शाळेआधी दोन तास आणि सराव करून आल्यावर अंधार पडेपर्यंत पाखरं राखायला तीच होती. सकाळी शंभर-सव्वाशे दगड, संध्याकाळी तेवढेच. रविवारी तर दिवसभर.

आणि बाही? बाही कपाटात. 'शेतात घालून जायची नाही हं, माती लागते,' हे कोण सांगत होतं रोज? सारिकाच.

ती परत टेबलाशी आली.

"निलोफर, एक विचारू? समजा बाही नसताना कुणी हात वापरला तर?"

"वापरला म्हणजे? भाजी चिरली, अभ्यास केला, त्यानं काय होतंय?"

"नाही, फेकलं तर. जोरात. खूप वेळा."

निलोफरनं मान वर केली. "मग सगळंच उलटं होईल. जे तंतू बाहेर तुटले त्यांचा आवाज बाहीनं ऐकलाच नाही. आणि एकदा तुटलेला तंतू परत ताणला तरी आवाज करत नाही ना, तुटायचं ते तुटून गेलेलं. बाहीला वाटणार, वा, किती शांत हात, किती मजबूत! आकडा वाढतच जाणार." ती थांबली. "का हो काकू?"

"काही नाही. सहज," सारिका म्हणाली. हे खोटं तिच्या तोंडून इतकं पटकन गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिचा नवरा किशोर मांडवामागं चहा घेत उभा होता. गावाकडून सारखे फोन येत होते त्याला. तिनं त्याला बाजूला ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"वेडी आहेस का? गोफण म्हणजे काय बेसबॉल आहे?" तो म्हणाला. "आप्पा सत्तर वर्षं गोफण फिरवत आले. गळून पडला का त्यांचा हात?"

"आप्पा गोफण फिरवून वर दिवसाला शंभर चेंडू फेकत नव्हते."

किशोरनं चहाचा कप चुरगाळून टाकून दिला. तोही घाबरला होता, हे सारिकाला दिसलं. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "बाहीची नोंद खोटी निघाली की वर्षभर बंदी. जपान गेलं, ते कायमचं गेलं. पोरीनं तीन वर्षं जिवाचं रान केलंय गं. आजचा एक दिवस. पाच इनिंग, संपलं. घरी गेलो की सहा महिने तिला काडी उचलू देणार नाही मी. आज फक्त तोंड उघडू नकोस."

त्याचं काय चुकत होतं? सारिकाला सांगता आलं नसतं. ती जागेवर येऊन बसली आणि सामना सुरू झाला.

पहिल्या इनिंगला शर्वरीनं तिघींना बाद केलं. लोक नाचले. सारिकानं टाळ्या वाजवल्या, पण नजर लेकीच्या कोपरावर. दुसऱ्या इनिंगपासून तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. फेक झाली की शर्वरी हात पोटाशी धरत होती, अगदी क्षणभरच. चेंडू डाव्या हातानं पुसत होती. आणि फेकताना कोपर खांद्याच्या रेषेत राहायचं ते आता खाली येत होतं. की आपल्यालाच भास होतोय? शेजारची बाई तर म्हणत होती, "काय सुंदर टाकते हो!" फळ्यावर एकाहत्तर, हिरवागार.

इनिंग संपल्यावर सारिका जाळीपाशी गेली. "शरू! इकडे ये. हात दुखतोय का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"आई, जा ना तू! सगळे बघतायत." आणि मग तिनं मनगट जाळीला लावून आकडा दाखवला. "हे बघ. हिरवं आहे."

सारिकानं प्रशिक्षक इंगळे सरांना गाठलं. भला माणूस. शाळेत बेसबॉल सुरू केला तो त्यांनीच, स्वतःच्या हातानं उंचवटा बांधून.

"सर, तिला आता बदला ना."

"का हो ताई? काय झालं?"

"मला ती बरी दिसत नाहीये."

"ताई, आकडा एकाहत्तर आहे. दुसरीचा नऊ आहे. नऊवालीला आत पाठवू?" सर जवळ सरकले. "आणि हिरव्यावर पिचर काढली की निवडवाले लगेच विचारतात, काय लपवताय? मुलीचंच नुकसान होईल. काळजी करू नका. बाही आहे ना, तीच सांगेल काय ते."

बाही काय सांगणार होती ते सारिकाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरी इनिंग तिनं कशीबशी काढली. आपण गप्प बसलो आणि काहीच झालं नाही, तर पोरगी जपानला जाईल. आपण बोललो आणि हात धडधाकट निघाला, तर जन्मभर ती आपल्याला माफ करणार नाही. आणि गप्प बसलो आणि… पुढचं तिच्यानं मनातही म्हणवेना. देवा, निदान काहीतरी दिसू दे नीट! पण दिसत होता तो फक्त आकडा. अठ्ठावन्न. हिरवा.

चौथ्या इनिंगला शर्वरीची एक फेक समोर झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून गेली. लोक "हूंऽ" करून हसले. पुढची बरोबर पडली, स्ट्राइक. त्याच्या पुढच्या फेकीआधी शर्वरीनं चेंडू हातात घेतला आणि डोळे मिटून खालचा ओठ दातात धरला. सारिकानं ते तोंड ओळखलं. चार वर्षांची असताना बोटात घुसलेली काच काढताना तिनं अस्साच ओठ चावला होता, आणि रडली नव्हती.

सारिका उठली. किशोर मागून म्हणाला, "सारिका, बस खाली." ती बसली नाही.

"निलोफर, सामना थांबव," ती टेबलाशी जाऊन म्हणाली.

"काय?"

"बाही खोटी आहे तिची. माझ्यामुळं झालंय. बाही मी काढून ठेवायची आणि पोरगी शेतात गोफण मारायची. रोज. दोन महिने."

निलोफरनं पंचांना हात केला. पंच आले, त्यांना नीट कळेना, सारिकाला परत सांगावं लागलं. मग इंगळे सर आले, मग निवडीच्या मॅडम आल्या. तिसऱ्यांदा सांगताना सारिकाचा आवाज चढला आणि फुटला. "अहो, काय ऐकत बसलात! आधी तिच्या हातातला चेंडू काढून घ्या!"

निलोफरनं काहीतरी दाबलं आणि फळ्यावरचा हिरवा अठ्ठेचाळीस गेला. शर्वरीच्या नावापुढं नुसती काळी जागा राहिली. ती उंचवट्यावर तशीच उभी होती, चेंडू हातात घेऊन. पंचांनी तो काढून घेतला. नऊवाली पोरगी रडवेल्या तोंडानं आत आली, आणि पुढं जे व्हायचं तेच झालं, सामना गेला.

निकाल लागायच्या आधीच मॅडम त्यांच्या वहीत खाडाखोड करून दुसऱ्या मांडवाकडं गेल्या. इंगळे सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. किशोर तर कुठं दिसेचना. शर्वरी सारिकाजवळून जाताना क्षणभर थांबली.

"कपाटात तू ठेवायचीस," ती म्हणाली. "मी नव्हते ठेवत."

ती गेली आणि बाकीच्या पोरी तिच्यामागं गेल्या. मांडवात सारिका एकटीच उरली. तिनं उपरणं घेतात तसा पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बसून राहिली. वाटत होतं, आपण लेकीचा गळाच दाबला. कशावरून? एका चावलेल्या ओठावरून! डॉक्टर उद्या फोटो काढणार होते आणि म्हणणार होते, हात ठणठणीत आहे, कुणी सांगितला होता हा शहाणपणा? हे वाक्य तिला आताच ऐकू येत होतं.

दुपारी मैदानाशेजारच्या शाळेच्या मोठ्या खोलीत जेवणाची पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी. शर्वरी सगळ्यांपासून लांब, भिंतीकडं तोंड करून बसली होती. ताट तसंच होतं.

"राहू द्या तिला थोडा वेळ," सर सारिकाला म्हणाले. "रागात आहे. भूक लागली की जेवेल."

सारिका दारातच थांबली. रागात असली की शर्वरी ताट लोटून देते. आज ताट लोटलेलं नव्हतं. तिनं भात कालवला होता, घास केला होता. उजवा हात ताटावरून वीतभर वर आला आणि थांबला. परत खाली गेला. परत वर आला, परत थांबला. मग शर्वरीनं इकडंतिकडं चोरून पाहिलं, मान खाली वाकवली आणि हाताशी तोंड नेऊन तो घास घेतला.

सारिका तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं ताट आपल्याकडं ओढलं, घास केला आणि समोर धरला. तेरा वर्षांची घोडी, चारचौघांत आईच्या हातून कशाला जेवेल? पण शर्वरीनं तोंड उघडलं. घास तोंडात गेला तसे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"कधीपासून?" सारिकानं विचारलं.

"संक्रांतीच्या आधीपासून."

"अगं, मग बोलली का नाहीस? मला नाही, पप्पांना नाही, सरांना नाही…"

शर्वरीनं डाव्या हातानं नाक पुसलं. "हिरवं होतं ना आई," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. खरं दुखत नसणार."

सारिकानं दुसरा घास कालवला आणि लेकीच्या तोंडाशी धरला.